‘अभिसरण’ आणि ‘समोसरण’

‘अभिसरण’ हा शब्द मराठीत दोन भिन्न अर्थांनी रूढ आहे. शरीरशास्त्रात ‘रक्ताभिसरण’ म्हणजे रक्ताचे शरीरभर फिरणे. भौतिकशास्त्रात मात्र ‘अभिसारी भिंग’ म्हणजे समांतर किरणांना एका नाभीत आणणारे बहिर्वक्र भिंग. मूळ ‘अभि-सृ’ या धातूचा अर्थ कशाच्या तरी दिशेने जाणे इतकाच आहे. पालि ‘समोसरण’ या शब्दाला मराठी प्रतिशब्द योजताना म्हणूनच अडचण येते. ‘एकत्र येणे’ म्हणजे नेमके काय, हे आधी निरनिराळ्या शास्त्रांच्या आधारे पाहू.

गणितात १/२, १/४, १/८ अशी पदे मिळवीत गेल्यास बेरीज १ च्या हवी तितकी जवळ जाते, पण १ ओलांडीत नाही. ही अभिसारी श्रेढी होय. याउलट १, १/२, १/३, १/४ या श्रेढीतही पदे लहान लहान होत जातात. तरीही तिची बेरीज कोणत्याच मर्यादेत राहत नाही. ती १० च्या पलीकडे जाण्यास १२,३६७ पदे लागतात, पण ती जातेच. पदे लहान होत गेली एवढ्यावरून बेरीज ठरावीक मर्यादेकडे जाते, असे मानता येत नाही.

जीवशास्त्रात शार्क आणि डॉल्फिन यांचे शरीर सारखेच निमुळते असते. परंतु शार्क हा कल्ल्यांनी श्वसन करणारा मासा, तर डॉल्फिन फुप्फुसांनी श्वसन करणारा सस्तन प्राणी आहे. पाण्यातील जीवनाने दोघांना एकच घाट दिला. ही ‘अभिसारी उत्क्रांती’ होय. येथील साम्य नात्याचा पुरावा ठरत नाही.

भाषाशास्त्रातील उदाहरण आपल्याच प्रदेशातील आहे. जॉन गंपर्झ आणि रॉबर्ट विल्सन यांनी सांगली जिल्ह्यातील, ‘कुपवार’ म्हणून नोंदविलेल्या गावाचा अभ्यास १९७१ साली प्रसिद्ध केला. तेथील मराठी, कन्नड व उर्दू यांची वाक्यरचना इतकी जवळ आली होती की, एका भाषेतील वाक्य शब्दामागे शब्द ठेवून दुसरीत नेता येई. शब्द मात्र वेगळेच राहिले, कारण प्रत्येक समूहाने घरातली भाषा स्वतंत्र राखली होती. व्याकरण एक झाले, तरी समूहांमधील भेद टिकून राहिले.

आता पालिकडे वळू. संयुत्तनिकायात कूटागाराची उपमा एकाहून अधिक ठिकाणी येते. घराचे सर्व वासे जसे कूटाकडे, म्हणजे शिखराकडे, जाऊन मिळतात, तसे सर्व अकुशल धर्म अविज्जेत मिळतात, असे ओपम्मसंयुत्तात सांगितले आहे. मग्गसंयुत्तात हीच उपमा कुशल धर्म व अप्पमाद यांना लावली आहे. यावरून समोसरण हे स्वतः चांगले वा वाईट नसते, असे आम्हांस वाटते. कूट कोणते, हा खरा प्रश्न आहे. शिवाय येथे वासे एकत्र आले तरी वासेच राहतात.

अंगुत्तरनिकायातील पहारादसुत्ताचा दृष्टांत याहून पुढे जातो. गंगा, यमुना, अचिरवती, सरभू व मही या महानद्या समुद्राला मिळताच आपले पूर्वीचे नाव व गोत्र टाकतात. तसेच चारही वर्णांतील माणसे प्रव्रज्या घेताच नाम-गोत्र टाकून केवळ शाक्यपुत्रीय श्रमण होतात.

‘सर्व धर्म अखेर एकच सांगतात’, ‘जातिभेद आता कमी होत चालला आहे’, ‘आपण सर्व एकत्र येऊ या’, ही वाक्ये आपण वारंवार ऐकतो. पहिल्या वाक्यासंबंधी शार्क-डॉल्फिन यांच्याप्रमाणे मूळ तपासावे. दुसऱ्यासंबंधी श्रेढीप्रमाणे मर्यादा विचारावी. तिसऱ्यासंबंधी पहारादसुत्तातील कसोटी लावावी. तेथे लहान नदी मोठीत विलीन होऊन मोठीचे नाव धारण करीत नाही. गंगाही आपले नाव टाकते. ज्या एकत्र येण्यात नाम-गोत्र टाकण्याची अपेक्षा एकाच बाजूकडून केली जाते, त्याला ‘समोसरण’ हा शब्द लावता येणार नाही.