भिंतीवरचं चित्र आणि चित्रामागची भिंत

आजचा विषय आहे घरच्या भिंतीवर वॉलपेपरचं म्युरल, म्हणजे पट्ट्यांमध्ये छापून आलेलं भिंतभर चित्र, स्वतःच्या हाताने लावणं. रायगड म्हणा, वारी म्हणा, धबधबा म्हणा, हल्ली हवं ते छापून मिळतं. पण मी जास्त वेळ चित्रावर नाही, भिंतीवर बोलणार आहे. इथे बसलेल्यांपैकी बरेच जण चाकण-भोसरीच्या कारखान्यांत आहात, तुम्हाला कारण लगेच कळेल. पेंट शॉपमध्ये गाडीची बॉडी आली की पहिल्या स्टेशनला रंग मारतात का? आधी तेल धुतात, मग फॉस्फेट, मग ईडी कोटची बुडी, सीलर, प्रायमर, आणि तेव्हा कुठे गिऱ्हाइकाला दिसणारा रंग. घरी मात्र आपण नेमकं उलटं करतो. चित्र पसंत करतो, पैसे भरतो, आणि पार्सल दारात आल्यावर भिंतीकडे बघतो.

हे काही आजचं शहाणपण नाही. अजिंठ्यात कातळावर आधी मातीचा गिलावा दिला, त्यात भाताचा तूस आणि वनस्पतींचे तंतू मिसळले, वर चुन्याचा पातळ हात दिला, आणि मग चित्र. आज तिथे जिथे चित्र गेलंय, तिथे बऱ्याच ठिकाणी ते गिलाव्यासकट गेलंय.

आता आपल्याकडच्या भिंती बघू. चिखली, तळवडे, भोसरी भागात गुंठ्यावर बांधलेली घरं आहेत. साडेचार इंची विटेची भिंत, आणि शेजारचं घर इतकं खेटून की बाहेरून गवंड्याला थापी फिरवायला जागा नाही. मग बाहेरचा गिलावा राहतो तो राहतोच. पावसाळ्यात वीट पाणी पिते आणि आतून पोपडे सुटतात. प्राधिकरणातल्या जुन्या घरांचं दुखणं निराळं. 1972 साली प्राधिकरण आलं, त्यानंतरच्या दर दोन-तीन दिवाळ्यांना डिस्टेंपरचा एक हात, असे थरावर थर साचलेत. वरचा थर खालच्या थराला धरून आहे एवढंच, भिंतीला नाही. तुम्ही त्यावर खळ लावून कागद चिकटवलात की कागद वाळताना आक्रसतो आणि तो सगळा पापुद्रा ओढून घेतो. लोक म्हणतात गोंद खराब होता. गोंदाने त्याचं काम चोख केलेलं असतं!

आणि रावेत-मोशीकडचे नवे टॉवर. तिथे बऱ्याच ठिकाणी मायवान पद्धतीच्या, म्हणजे ॲल्युमिनियमच्या साच्यात ओतलेल्या काँक्रीटच्या भिंती आहेत. दिसायला आरशासारख्या. पण साचा सुटावा म्हणून त्याला तेल लावलेलं असतं. ते नीट धुतलं नसेल तर पुट्टी वरवरच बसते. नव्या काँक्रीटमध्ये पाणीही बराच काळ असतं. ताबा मिळाल्यावर एक पावसाळा जाऊ द्या, भिंत काय करते ते बघा.

आपली भिंत कशी आहे हे कळायला यंत्र लागत नाही. तळवा घासा. पांढरा झाला तर भिंत भुकटी सोडतेय. चिकटपट्टी दाबून लावा आणि झटक्यात ओढा, तिच्याबरोबर काय येतं ते बघा. पाण्याचा थेंब सोडा. लगेच गायब झाला तर भिंत तहानलेली आहे, ती गोंदातलं पाणी पिऊन टाकेल आणि कागद सरकवून जुळवायला तुम्हाला वेळच मिळणार नाही. आणि शेवटची, सगळ्यात महत्त्वाची परीक्षा. दीड फूट बाय दीड फूट प्लास्टिकचा तुकडा चारी कडांनी टेप लावून भिंतीवर बंद करा, एक दिवस ठेवा. भिंतीकडच्या बाजूला पाणी धरलं तर ओल भिंतीतून येतेय. खोलीकडच्या बाजूला धरलं तर ती खोलीतली दमट हवा आहे, खिडकी उघडा. बाथरूमची पाठभिंत आणि पावसाचा मारा बसणारी पश्चिमेची भिंत, या दोन तर तपासायच्याच.

ओल निघाली तर? तर चित्र लावायचं नाही. यात मधला मार्ग नाही. आतून वॉटरप्रूफ रंग मारून ओल थांबत नाही, ती हातभर पलीकडे फुगते. शिवाय व्हिनाइलचा कागद हवा जाऊ देत नाही, त्यामागे बुरशी धरते आणि ती दिसत नाही. त्याच खोलीत लहान मूल झोपतं, हे लक्षात ठेवा. आधी बाहेरची भेग, गच्ची, नाहीतर बाथरूमचा जोड दुरुस्त करा, मग भिंत वाळू द्या. म्हणूनच मी म्हणतो, हे काम दिवाळीच्या आधल्या आठवड्यात काढू नका. तेव्हा भिंतीत पावसाचं पाणी अजून असतं. दिवाळी ते गुढीपाडवा हा काळ चांगला.

भिंत कोरडी असेल तर सैल असेल तेवढं पत्र्याने खरवडा, भोकांत पुट्टी भरा, वाळल्यावर पॉलिश पेपर मारा, धूळ ओल्या फडक्याने पुसा आणि प्रायमर द्या. ऑइल पेंट असेल तर त्याची चकाकी घासून मोडा, म्हणजे पकड येते. प्रायमर एक रात्र वाळू द्या.

मापाबद्दल एक. उंची आणि रुंदी तीन-तीन ठिकाणी मोजा, सगळ्यात मोठं माप धरा, वर-खाली दोन-दोन इंच जास्त घ्या. आणि मोबाइलवर काढलेला रायगड छापायचा असेल तर गणित करा. 4000 बाय 3000 ठिपक्यांचा फोटो बारा फुटांवर, म्हणजे 144 इंचांवर ताणला की इंचाला जेमतेम 28 ठिपके येतात. दारातून ठीक दिसेल, सोफ्यावर बसून बघाल तर रायगडाची खिचडी. (हशा)

लावताना कोपऱ्यावर विश्वास ठेवू नका, ओळंबा सोडा. कोपरे सरळ नसतात. ओळंब्याची रेघ पेन्सिलीने आखा आणि पहिली पट्टी तिला धरून लावा. ती तिरकी गेली तर चौथ्या पट्टीला किल्ल्याचा बुरूज कलतो. त्याआधी सगळ्या पट्ट्या जमिनीवर क्रमाने मांडून बघा, सोफ्यामागे आणि एसीखाली चित्रातलं काय झाकलं जातंय तेही बघा. नॉनवोव्हन कागद असेल तर गोंद भिंतीला लावायचा, साधा कागद असेल तर कागदाला लावून, घडी घालून काही मिनिटं मुरू द्यायचा; पाकिटावर लिहिलेलं असतं ते वाचा. मैद्याची खळ स्वस्त पडते, पण तिला कसर लागते. हवा मधून कडेकडे काढा. सांध्यावर आलेला गोंद ओल्या स्पंजने लगेच टिपा. पात्याचं टोक सारखं बदला, बोथट पातं ओला कागद फाडतं. बटनाच्या बोर्डापाशी आलात की मेन स्विच बंद, यात आळस नको. आणि घाम आला तरी पंखा लावू नका. कागद घाईने वाळला की सांधे उघडतात.

मघाशी एका ताईंनी विचारलं, भाड्याची खोली असेल तर काय? मालकाच्या भिंतीला हात लावू नका. आठ बाय चारच्या प्लायला प्रायमर देऊन चित्र त्यावर लावा, मागे पट्ट्या ठोका आणि भिंतीला टेकवून उभं करा, वरून सुटू नये म्हणून एका हुकाला अडकवा. मागे बोटभर हवा राहते, आणि खोली बदलताना टेम्पोत चित्रही येतं.