नसबंदीनंतर पुन्हा बाप होता येते काय?

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. रविवारची वंदना आटोपून आम्ही विहाराच्या पायऱ्या उतरत होतो. वस्तीतले एक भाऊ जवळ येऊन हळूच म्हणाले, ‘‘दादा, संध्याकाळी घरी आहात का? जरा खाजगी काम आहे.’’ आम्ही पेशाने कारकून. लोक आमच्याकडे येतात ते जातीचा दाखला, रेशनकार्ड, शाळेचा प्रवेश अशा कामांसाठी. असाच एखादा अर्ज असेल असे वाटले.

संध्याकाळी ते पत्नीला घेऊन आले. चहा झाला तरी बोलेनात. शेवटी वहिनींनीच तोंड उघडले. दोन मुले झाल्यावर, सहा वर्षांपूर्वी यांनी नसबंदी करून घेतली होती. ‘‘दोन बाळंतपणं तू सोसलीस, आता ऑपरेशन माझं,’’ असे म्हणून स्वतःहून गेले होते. पुढे धाकटा मुलगा तापाने गेला. त्याला दोन वर्षे झाली. थोरली मुलगी नऊ वर्षांची. या दोन वर्षांत एका जडीबुटीवाल्याने ‘बंद नस औषधाने मोकळी करतो’ म्हणून यांच्याकडून अठरा हजार रुपये काढले होते. गावाकडचे नातेवाईक नवस बोला म्हणून मागे लागले होते.

आम्ही सवयीप्रमाणे बोलून गेलो, ‘‘मुलगी आहे ना? मुलगाच कशाला हवा?’’

वहिनी शांतपणे म्हणाल्या, ‘‘दादा, मुलगा नकोय, मूल हवंय. मुलगी झाली तरी चालेल. आमची पोर अजून झोपेत भावाला हाका मारते.’’

आम्ही मान खाली घातली. पुढच्या आठवड्यात रजा टाकून त्यांच्याबरोबर सरकारी रुग्णालयात गेलो. तेथे डॉक्टरांकडून जे समजले आणि नंतर आम्ही जे वाचले, ते वाचकांपुढे ठेवीत आहोत. असे दुःख घेऊन गप्प बसलेले आणखी कितीतरी जण असतील.

नसबंदीत काय होते?

शुक्रजंतू अंडकोषात तयार होतात आणि दोन बाजूंच्या दोन नळ्यांतून पुढे जाऊन वीर्यात मिसळतात. या नळ्यांना शुक्रवाहिनी म्हणतात. नसबंदीत त्या कापून बांधतात. शुक्रजंतू तयार होतच राहतात, पण वाट बंद असल्याने शरीरातच जिरतात. पुरुषी संप्रेरक तर रक्तातून जाते, त्याची वाट कोणी अडवीत नाही. म्हणून नसबंदी केलेल्या माणसाचे पुरुषत्व कमी होत नाही. ‘तो कामाचा राहिला नाही’ म्हणणाऱ्यांनी हे नीट समजून घ्यावे.

आता सांगा, कापलेली नळी काढ्याने, भस्माने किंवा अंगाऱ्याने जुळेल काय? नळाचा पाइप तुटला तर आपण प्लंबर बोलावतो, पाण्यात औषध टाकीत नाही. इथेही तसेच आहे. नळी जोडायची तर शस्त्रक्रियाच लागते.

जोडणी कशी करतात?

या शस्त्रक्रियेला रुग्णालयात रिकॅनलायझेशन म्हणतात. बांधलेला भाग काढून नळीची दोन्ही मोकळी टोके एकमेकांना शिवतात. ऐकायला सोपे वाटते. पण या नळीच्या आतले भोक एक मिलिमीटरच्याही निम्म्याहून बारीक असते. टाके घालायचा धागा केसापेक्षा बारीक. त्यामुळे चांगली जोडणी सूक्ष्मदर्शकाखाली करतात आणि तिला दोन ते चार तास लागतात. नळीतून कसला द्रव येतो हे डॉक्टर तिथेच तपासतात. फार वर्षे गेली असतील तर आणखी मागे, अंडकोषाला लागून असलेल्या बारीक नळीतही अडथळा झालेला असतो. मग तेथे जोड द्यावा लागतो, आणि ते काम अधिक अवघड. म्हणून डॉक्टरांना स्पष्ट विचारावे : ‘‘सूक्ष्मदर्शकाने करता का? आजवर किती केल्या?’’ असे विचारण्यात अपमान नाही. आपले शरीर, आपले पैसे.

वर्षे मोजा

१९९१ साली अमेरिकेत पाच ठिकाणच्या रुग्णांचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. पहिल्यांदाच जोडणी करून घेणाऱ्या साडेबाराशेच्या आसपास पुरुषांचा त्यात हिशेब आहे. नसबंदीला ३ वर्षे व्हायच्या आत जोडणी झालेल्या शंभरांपैकी ९७ जणांच्या वीर्यात शुक्रजंतू परत आले आणि ७६ जोडप्यांना गर्भ राहिला. ३ ते ८ वर्षे झालेल्यांत हेच आकडे ८८ आणि ५३. ९ ते १४ वर्षांत ७९ आणि ४४. १५ वर्षे किंवा अधिक झाली असतील तर ७१ आणि ३०.

हे आकडे सूक्ष्मदर्शकावर हात बसलेल्या डॉक्टरांचे आहेत, हे विसरू नये. आणखी एक गोष्ट पाहा. शुक्रजंतू परत आले म्हणजे मूल झालेच असे नाही. त्यांची संख्या व हालचाल कमी असू शकते. शरीर स्वतःच्याच शुक्रजंतूंविरुद्ध प्रतिद्रव्ये तयार करते, त्याचाही अडथळा होतो. आणि पत्नीचे वय तर सर्वांत महत्त्वाचे. पस्तिशीनंतर गर्भ राहण्याची शक्यता झपाट्याने उतरते. जडीबुटीवाल्याने भाऊंचे अठरा हजार नेले ते नेलेच, पण त्या दोन वर्षांत वहिनी ३३च्या ३५ झाल्या. पैसे पुन्हा मिळवता येतात, ती वर्षे कोठून आणायची?

आधी काय करावे?

आधी पत्नीची तपासणी करावी. तिच्यात अडचण असेल तर पुरुषाला उगाच कापून उपयोग नाही. नसबंदीचा दाखला व जुने कागद घेऊन सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात मूत्ररोग विभागात चौकशी करावी. खाजगीत खर्च फार येतो, तो आधी लेखी विचारावा. केंद्र सरकारच्या नोकरांना ठरावीक अटींवर या शस्त्रक्रियेसाठी २१ दिवसांपर्यंत विशेष नैमित्तिक रजेची तरतूद आहे. आस्थापना शाखेत विचारावे.

शस्त्रक्रियेनंतर तीन-चार आठवडे जड उचलू नये, शरीरसंबंध ठेवू नये, लंगोट किंवा घट्ट चड्डी वापरावी. तंबाखू, विडी, दारू बंद. अंडकोषाला शरीरापेक्षा थोडी थंडी लागते, तेव्हा भट्टी-बॉयलरजवळ काम करणाऱ्यांनी जपावे. शुक्रजंतू तयार व्हायलाच अडीच महिने लागतात, म्हणून पहिल्या रिपोर्टला घाबरू नये.

जोडणी जमली नाही तर अंडकोषातून सुईने शुक्रजंतू काढून प्रयोगशाळेत गर्भ तयार करता येतो. तो मार्ग महागडा आहे आणि त्यातही खात्री नाही. कायदेशीर दत्तक हा दुसरा मार्ग. त्यासाठी ‘कारा’ या केंद्र सरकारच्या संस्थेकडे नोंदणी करावी लागते.

मग नसबंदी करूच नये काय?

असा अर्थ कोणी काढू नये. १९३८ साली मुंबईच्या विधिमंडळात बाबासाहेबांच्या वतीने संततिनियमनाचा ठराव मांडला गेला होता. १९७६ साली आणीबाणीत बळजबरीने नसबंद्या झाल्या आणि त्या भीतीने पुरुष कायमचे मागे सरले. २०१९-२१च्या राष्ट्रीय पाहणीत देशातल्या शंभर विवाहित स्त्रियांपैकी ३८ जणींची शस्त्रक्रिया झालेली दिसते. पुरुषांचे प्रमाण हजारात तीन. सारा भार बाईवर. नसबंदी जरूर करावी, पण ती कायमची आहे असे समजून, दोघांनी विचार करून करावी. जोडणीच्या भरवशावर नव्हे.

भाऊंची जोडणी दिवाळीनंतर झाली. तीन महिन्यांचा रिपोर्ट कोरा आला. त्या रात्री ते जेवले नाहीत. सहा महिन्यांच्या रिपोर्टमध्ये शुक्रजंतू दिसले, थोडे, पण हालचाल असलेले. आज हे लिहिताना गर्भ राहिलेला नाही. डॉक्टर म्हणतात, वर्षभर धीर धरा.

आम्ही भाऊंना विचारले, ‘‘नसबंदी केली म्हणून पस्तावा होतो का?’’

ते म्हणाले, ‘‘नाही दादा. हिच्यासाठी केली होती, ती चुकली नाही. बुवाकडे गेलो, ते चुकलं. आणि दोन वर्षं कुणाला विचारायला लाजलो, ते त्याहून चुकलं.’’