वर्सोव्याला पोचायला पाच तास

२८ नोव्हेंबर १९४५ची पहाट. साडेतीनच्या सुमारास मकरानच्या किनाऱ्यासमोर अरबी समुद्राचा तळ हलला. भूकंप ८.१ तीव्रतेचा. पसनी, ओरमारा या बंदरांची दैना झाली. मुंबईत पाणी चढलं ते सव्वाआठला, सुमारे दोन मीटर. वर्सोवा आणि हाजी अलीला माणसं वाहून गेली, दांडा-जुहूच्या होड्या नांगरावरून सुटल्या, अशी नोंद आहे. दिवस कार्तिक वद्यातले, भांगाचे; त्या सकाळी उधाण कोणाच्या ध्यानीमनी असणार?

मकरान ते मुंबई अंतर हजार-अकराशे किलोमीटर. त्सुनामी विमानाच्या वेगाने धावते म्हणतात, मग पाच तास कसे लागले? तर तो वेग खोल पाण्यातला. गुरुत्वत्वरणाला खोलीने गुणायचं आणि वर्गमूळ काढायचं, की लाटेचा वेग मिळतो. तीन हजार मीटर खोलीवर तो ताशी सहाशे किलोमीटरच्या वर जातो. पण मुंबईसमोरची समुद्रबूड जमीन तीनेकशे किलोमीटर रुंद आहे. ‘बॉम्बे हाय’च्या तेलविहिरींपाशी पाणी जेमतेम पंचाहत्तर मीटर, तिथे हाच वेग शंभराच्या आत येतो. म्हणजे पाचांतले तीनेक तास या उथळ पट्ट्यातच गेले.

वाऱ्याने उठणारी लाट शे-दोनशे मीटर लांब असते आणि खालचं पाणी तिला फारसं दाद देत नाही. त्सुनामीत तळापासूनचं सगळं पाणी हलतं आणि दोन माथ्यांमधलं अंतर शेकडो किलोमीटर असू शकतं. म्हणून भर समुद्रात ती जहाजावरच्यांना कळतही नाही. २००४च्या सुमात्रा भूकंपानंतर सुमारे दोन तासांनी जेसन-१ हा उपग्रह हिंदी महासागरावरून गेला, तेव्हा त्याने मोजलेली उंची होती साठेक सेंटीमीटर! गुडघाभर पाणी. उथळात पुढचा भाग मंदावतो, मागचं पाणी येतच राहतं, लांबी आखडते, उंची वाढते. चित्रात दाखवतात तशी वळून फुटणारी भिंत क्वचितच दिसते. बहुतेक ठिकाणी भरतीच चढत जाते आणि थांबायचं नाव घेत नाही. दहा-पंधरा मिनिटं पाणी आतच येत राहिलं, तर दोन मीटरही जीव घ्यायला पुरतात.

‘समुद्र आधी मागे हटतो’ हा समजही अर्धाच खरा. २००४ साली तळाचा पश्चिमेकडचा भाग वर उचलला गेला आणि पूर्वेकडचा खचला. त्यामुळे थायलंडात पाणी आधी ओसरलं, तमिळनाडूत मात्र थेट चढलं. ओहोटीची वाट पाहणाऱ्याला तिथे इशारा मिळालाच नसता.

शिवाय लाट एकटी येत नाही आणि पहिलीच सर्वांत मोठी असेल असंही नाही. १९४५ साली कराचीत पहिली लाट साडेपाचला आली, सर्वांत मोठी सव्वाआठला. मधल्या पावणेतीन तासांत आणखी दोन येऊन गेल्या होत्या.