टाके पिकतात ते कशाने?

गर्भाशय काढून टाकण्याच्या शस्त्रक्रियेनंतर घरी परतलेल्या स्त्रीला भात, वांगे, आंबट आणि स्नान या सर्वांचा मज्जाव होतो, आणि एवढे करूनही टाके पिकलेच, तर त्याचे खापर पथ्य मोडल्याच्या आरोपासह तिच्याच माथी फुटते. वस्तुतः पू म्हणजे जंतूंशी झुंजताना मेलेल्या पांढऱ्या पेशी, ते जंतू आणि नष्ट झालेल्या ऊती यांचा संचय होय. ताटातल्या भाताशी त्याचा काडीमात्र संबंध नाही. उलट जखम भरून येण्यास प्रथिने लागतात, आणि नेमक्या त्याच दिवसांत पथ्याच्या नावाखाली आपण डाळ आणि अंडी बंद करतो. पथ्य पाळायचेच तर ते रक्तातील साखरेचे पाळावे. शस्त्रक्रियेच्या सुमारास ती दर डेसिलिटरला २०० मिलिग्रॅमच्या खाली राखावी असा दंडक आहे, आणि शरीरावर पडणाऱ्या ताणाने ती मधुमेह नसलेल्या स्त्रीचीही वाढू शकते.

दुसरा समज असा की, जंतू येतात ते रुग्णालयाच्या अस्वच्छतेतूनच. अस्वच्छतेचे समर्थन कोण करील? परंतु गर्भाशय काढताना योनिमार्गाचा वरचा भाग उघडावाच लागतो, आणि तेथे निरोगी स्त्रीतही असंख्य जंतूंची नैसर्गिक वसती असते. त्यामुळे शस्त्रक्रियागृह कितीही निर्मळ असले, तरी रुग्णेच्या स्वतःच्या देहातील जंतू जखमेत उतरण्याची वाट मोकळी राहते. म्हणूनच पोटाच्या त्वचेवर क्लोरहेक्सिडीनयुक्त अल्कोहोल लावण्याबरोबरच योनिमार्गही पोव्हिडोन-आयोडीनसारख्या जंतुनाशकाने स्वच्छ केला जातो. पांढरे पाणी जात असेल, त्याला दुर्गंधी असेल, तर ते संकोच न करता आधीच सांगावे. त्या दोषाचा इलाज शस्त्रक्रियेपूर्वी करता येतो.

आदल्या रात्री वस्तऱ्याने केस साफ करण्याची प्रथा अनेक ठिकाणी कटाक्षाने पाळली जाते, आणि ती स्वच्छतेची परिसीमा समजली जाते. वस्तऱ्याने त्वचेवर डोळ्यांना न दिसणारे ओरखडे उठतात व जंतू त्यांत रात्रभर वाढतात. १९७१ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत वस्तरा फिरवलेल्या रुग्णांत जंतुसंसर्गाचे प्रमाण ५.६ टक्के आढळले, तर केस न काढलेल्या किंवा केशनाशक मलम लावलेल्या रुग्णांत ते अवघे ०.६ टक्के होते. केस अडचणीचे नसतील तर काढूच नयेत. काढणे भाग पडले, तर ते यंत्राने कातरावेत.

सर्वांत चिवट समज मात्र प्रतिजैविकांविषयीचा आहे. शस्त्रक्रियेनंतर आठवडाभर गोळ्या-इंजेक्शने चालू राहिली, म्हणजे जखम सुरक्षित राहिली, असे रुग्णाचे नातलग मानतात, आणि खेदाची गोष्ट अशी की, काही वैद्यही त्यांच्या समाधानासाठी तसे लिहून देतात. औषधाचे खरे काम छेद घेतानाच असते. सेफाझोलिनसारखे प्रतिजैविक छेदापूर्वीच्या ६० मिनिटांत शिरेतून दिले, तर जंतू ऊतींत शिरतात त्या क्षणी ते तेथे हजर असते. जंतूंनी बस्तान मांडल्यावर दिलेल्या औषधाला ही किमया साधत नाही. शस्त्रक्रिया चार तासांहून लांबली किंवा रक्तस्राव फार झाला, तर आणखी एक मात्रा द्यावी लागते. एरवी, संसर्ग झालेला नसताना, प्रतिबंधासाठी म्हणून ते औषध पुढे चालू ठेवू नये, अशी स्पष्ट शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ साली केली आहे. लांबवलेल्या औषधाने संसर्ग घटत नाही, औषधाला न जुमानणारे जंतू तेवढे पोसले जातात.

स्नानाचे भयही असेच अनाठायी. बहुधा ४८ तासांत जखमेच्या कडा वरून सांधल्या जातात. त्यानंतर डॉक्टरांची वेगळी ताकीद नसेल, तर अंगावर पाणी घेऊन न्हाण्यास आणि जखम अलगद टिपून कोरडी करण्यास हरकत नाही. हळद, राख किंवा कोणतीही भुकटी मात्र टाक्यांवर घालू नये.

टाके निघाले म्हणजे धोका टळला, असेही समजू नये. अशा संसर्गाची मुदत शस्त्रक्रियेपासून ३० दिवसांची धरली जाते. तेवढ्या अवधीत ताप ३८ अंश सेल्सियसच्या वर गेला, जखम लाल होऊन ठणकू लागली, तिच्यातून पू आला किंवा योनीतून दुर्गंधीयुक्त स्राव होऊ लागला, तर घरगुती उपायांत वेळ न दवडता त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे, आणि त्या स्त्रीने काय खाल्ले याची चौकशी करीत बसू नये.