कनातीतली रात्र

मढीच्या कानिफनाथांची यात्रा होळीपासून पाडव्यापर्यंत चालते आणि त्यानंतर नगर जिल्ह्यात गावोगावच्या जत्रांना तोंड फुटतं. ज्वारी-गहू घरात आलेले, पावसाला अवकाश. उघड्यावर रात्र काढायची तर याच दिवसांत. छबिना झाला, उद्या कुस्त्यांचा हगामा; मधल्या रात्री तमाशाचा फड उभा राहतो. पूर्वी मोठ्या जत्रेत तंबू टॉकीजचा ट्रकही येई. सिनेमानं तमाशा मारला, असं सर्रास म्हटलं जातं. मला ते अर्धसत्य वाटतं. दोन्हीकडची माणसं एकाच प्रेक्षकावर जगली आणि एकमेकांचं गाणं वापरत राहिली.

यातलं तमाशाचं जुनं घराणं संगमनेरचं. शाहीर अनंत फंदी (1744–1819) तिथले. अहिल्याबाई होळकरांच्या सांगण्यावरून त्यांनी डफ ठेवून कीर्तन धरलं, असं परंपरा सांगते. त्या अहिल्याबाई याच जिल्ह्यातल्या चौंडीच्या. पुढे कांताबाई सातारकरांनी संगमनेरलाच घर केलं. तुकाराम खेडकरांच्या फडात त्या नावारूपाला आल्या, खेडकरांच्या निधनानंतर स्वतःचा फड उभा केला आणि वगात पुरुषांच्या भूमिकाही दमदारपणे वठवल्या. मे 2021मध्ये त्या गेल्या. फड मुलानं, रघुवीर खेडकरांनी, चालवला. गण, गवळण, बतावणी, रंगबाजी आणि शेवटी वग, हा ढोलकीच्या फडाचा क्रम. रंगबाजीत सिनेमाची गाणी केव्हाच येऊन बसली. उलट दिशेनंही तेच झालं. ‘रामजोशी’ (1947) शाहिराच्या आयुष्यावर बेतलेला, आणि अनंत माने यांचा ‘सांगत्ये ऐका’ (1959) पुण्याच्या विजयानंदमध्ये शंभराहून अधिक आठवडे चालला, तो तमाशाच्याच जोरावर.

शेजारच्या नाशिकचे दादासाहेब फाळके. त्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ 3 मे 1913 रोजी मुंबईच्या कोरोनेशनमध्ये लागला. चित्र मुकं होतं, खेळ मुका नव्हता. मूकपटांच्या काळात पडद्यापुढे पेटी-तबलेवाले बसत आणि प्रसंग पाहून वाजवत. बोलपट आल्यावर त्यांची जागा गेली. गाणं मात्र पडद्यात शिरलं. ते गाणाऱ्यांत एक नगरचाच मुलगा होता. 1918 साली ख्रिस्ती मराठी कुटुंबात जन्मलेले शाहू मोडक ‘श्यामसुंदर’मध्ये (1932) कृष्ण झाले, आणि प्रभातच्या ‘संत ज्ञानेश्वर’मध्ये (1940) ज्ञानेश्वर. ज्ञानेश्वरी सांगितली गेली ती याच जिल्ह्यातल्या नेवाशाला. या जिल्ह्यानं आपला ज्ञानेश्वर एका ख्रिस्ती नटाच्या चेहऱ्यात पाहिला आणि हात जोडले. याचा मला मनापासून अभिमान वाटतो.

असे जुने बोलपट खेड्यात पोचवले ते तंबूवाल्यांनी. ट्रकमध्ये प्रोजेक्टर, बांबूंवर ताणलेला पडदा, भोवती कनात, बसायला जमीन. दिवसभर भोंग्यावरून पुकारा आणि अंधार पडला की खेळ. हजार फुटांचं रीळ अकरा मिनिटांत संपतं. एकच यंत्र असेल तर दर रिळाला खोळंबा, शिट्ट्या. रिळं छापणंच थांबलं तेव्हा हा धंदा मोडला. त्याची अखेर शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांच्या ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ या माहितीपटात टिपलेली आहे. 2016मध्ये कान महोत्सवात त्याचा विशेष उल्लेखानं गौरव झाला.

तमाशाचं दुखणं वेगळं. 2000च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावरचा ध्वनिक्षेपक बंद केला. नियमाचा हेतू योग्यच आहे. दवाखान्यातल्या रुग्णाला, परीक्षेच्या पोराला झोप हवीच. पण जुना वग पहाटेपर्यंत रंगायचा. वेळ आटली की आधी कात्री लागते ती वगाला आणि उरतात गाणी. मग तमाशात आता नुसती गाणीच, म्हणून नावं ठेवणारेही आपणच.

याच नियमांत सांस्कृतिक किंवा धार्मिक प्रसंगी वर्षातले पंधरा दिवस मध्यरात्रीपर्यंत सूट देण्याची मुभा राज्याला आहे. त्यातला एखादा दिवस चैत्रातल्या जत्रेला मिळावा. यात्रा कमिटीनं सुपारी देतानाच वग पुरा करण्याची अट घालावी, खेळ संध्याकाळी सातलाच उभा करावा. आणि नेवाशात, प्रवरेकाठी, एखाद्या उन्हाळ्यात आधी टाळ-मृदंगासह अभंग व्हावेत आणि मग मोडकांचा ‘संत ज्ञानेश्वर’ लावावा. त्याला एक पडदा, एक प्रोजेक्टर आणि एक भजनी मंडळ पुरेल.