मुलांनी जिम्नॅस्टिक केव्हा सुरू करावे?

आपल्या शाळेच्या पटांगणात कडुनिंबाजवळ मल्लखांब पुरलेला आहे, तो येताना तुम्ही पाहिलाच असेल. संध्याकाळी गुरुजी आम्हाला त्यावर शिकवतात. मल्लखांब आणि जिम्नॅस्टिक ही भावंडंच म्हणायची. तिकडे गाद्या, दांड्या, घोडा अशी साधने असतात, आपल्याकडे एक सागवानी खांब, एक दोर आणि खाली वाळू. पण अंग वळवणे, तोल सांभाळणे आणि नीट खाली उतरणे दोन्हीकडे लागते.

माझा धाकटा भाऊ सोन्या पाच वर्षांचा आहे. दिवाळीच्या सुट्टीत कोणाचं लक्ष नसताना तो खांबावर चढला आणि घसरून पडला. हनुवटीला दोन टाके पडले. तेव्हापासून आमच्या घरात रोज वाद चालतो. वडील म्हणतात, मडकं ओल्या मातीचंच होतं, त्याला आत्ताच शिकवा. आई म्हणते, दहा वर्षांचा होईपर्यंत खांबाचं नाव काढायचं नाही. आजी म्हणते, तुम्ही दोघं भांडताय, पण मास्तरांना विचारलं का? म्हणून मी गुरुजींना आणि आरोग्य केंद्रातल्या ताईंना विचारून हे लिहिले आहे.

आधी मोठ्या खेळाडूंचे पाहू. त्रिपुराची दीपा कर्माकर सहाव्या वर्षी शिकू लागली. तिचे तळपाय सपाट होते, तरी ती २०१६ साली रिओ ऑलिंपिकला गेली आणि चौथी आली. पदक फक्त ०.१५ गुणांनी हुकले! रुमानियाची नादिया कोमानेची १९७६ साली मॉन्ट्रियलला १४ वर्षांची होती. तिला १० पैकी १० गुण मिळाले. पण फलकावर १० दाखवायची सोयच नव्हती, म्हणून १.०० दिसले. (मला ही गोष्ट फार आवडते.)

हे ऐकून वडील म्हणाले, बघा, लवकरच घातलं पाहिजे. पण आता नियम बदलला आहे. ऑलिंपिकला जाणाऱ्या मुलीला त्या वर्षी १६ पूर्ण व्हावी लागतात. सहा आणि दहा सोळा. म्हणजे सहाव्या वर्षी सुरू केले तरी दहा वर्षे हातात आहेत. मग पाचव्या वर्षी एवढी घाई कशाला? आणि उझबेकिस्तानची ओक्साना चुसोविटिना तर टोकियोच्या ऑलिंपिकमध्ये २०२१ साली ४६ वर्षांची होती. आमच्या आईपेक्षा मोठी! आई हे ऐकून हसली, पण पुन्हा नाहीच म्हणाली.

ताईंनी सांगितले की लहान मुलांच्या हाडांच्या टोकांजवळ वाढीचा भाग असतो. तो कूर्चेचा असतो, पक्क्या हाडाइतका टणक नसतो. हातांवर सगळे वजन पुन्हापुन्हा आले तर मनगटाजवळचा तो भाग दुखावू शकतो. शिवाय लहान मुलाचे डोके अंगाच्या मानाने मोठे आणि मान कोवळी, म्हणून शीर्षासन वगैरे लवकर करू नये. कुठे दुखले तर लगेच थांबायचे, दुखतंय म्हणून रागवायचे नाही.

माझ्या मामाची मुलगी शहरात राहते. तिला चौथ्या वर्षीच एका क्लासला घातले होते. पाय पूर्ण फाकावेत म्हणून तिथे तिच्या खांद्यांवर दाबायचे. ती रडायची. शेवटी मांडी दुखावली आणि क्लास सुटला. आता ती नऊ वर्षांची आहे, पण मे महिन्यात आमच्याकडे आली की गादीवर साधी कोलांटीसुद्धा मारत नाही. मी म्हटलं चल ना, तर आत निघून गेली.

गुरुजी वय विचारतच नाहीत, मुलाला करायला लावून बघतात. सोन्याला त्यांनी बोलावले. एका पायावर उभा राहा म्हणाले, तो राहिला. दांडीला लोंबकळ म्हणाले, दहा आकडे होईपर्यंत त्याने सोडले नाही. मल्लखांबाला हे लागतेच, कारण खांब मांड्यांनी आणि हातांनी धरायचा असतो, दोर तर पायाच्या अंगठ्यात आणि शेजारच्या बोटात. मग गुरुजी म्हणाले, पळ, आणि मी थांब म्हटलं की थांब. सोन्या पळाला तो थेट हापशापर्यंत! सगळे हसले. सोन्या रडला.

गुरुजी त्याला म्हणाले, "रडू नको. थांब म्हटल्यावर जो थांबतो त्यालाच मी खांबावर चढवतो. वर असताना ऐकलं नाहीस तर मी खालून काय करू?"

तोपर्यंत सोन्याने वाळूत बेडूकउड्या मारायच्या, आखलेल्या रेघेवरून चालायचे, हनुवटी छातीला लावून कोलांटी मारायची आणि लोंबकळायचे. हे सगळे खेळ म्हणून, आणि कंटाळा आला की घरी. जेवून लगेच करायचे नाही. आईने एवढ्याला हो म्हटले आहे, पण ती स्वतः कडुनिंबाखाली बसून राहते.

मी नवव्या वर्षी सुरू केले. मला वाटायचे उशीर झाला. पण आता मी दोरावर पद्मासन घालते. परवा पालकसभेला दाखवणार आहे.

सोन्या काल पाचपैकी चार वेळा थांबला. पाचव्या वेळी कुत्रं आडवं आलं, असं तो म्हणतो.

— इयत्ता ४ थी