मुलीबरोबर वाढणारा स्कर्ट

कुटुंबात मुली वाढू लागल्या की आईच्या मनात एक हिशेब सतत चालू असतो. गेल्या नाताळला शिवलेला झगा यंदा आखूड झालेला असतो. शिलाईच्या आत सोडलेले कापड एकदा उसवून घेतले की संपते, आणि मग चांगले धडधाकट वस्त्र धाकटीसाठी ट्रंकेत जाते किंवा फरशी पुसण्याच्या कामी येते. या नित्याच्या अडचणीवर एक जुना आणि साधा उपाय आहे. तो म्हणजे मुलीचा स्कर्ट घरीच, हाताने, लोकरीचा विणणे; आणि विणताना कमरेपासून खाली विणत जाणे. या लेखात आम्ही त्याच उपायाचा सविस्तर विचार करणार आहोत.

विणलेल्या वस्त्राची घडण मागावरच्या कापडाहून निराळी असते. मागावर उभे आणि आडवे असे दोन धागे एकमेकांत गुंतवावे लागतात. सुयांच्या विणकामात मात्र एकच धागा असतो. त्याचा प्रत्येक फास खालच्या फासातून ओढून घेतलेला असतो. म्हणूनच हे वस्त्र ताणले जाते, अंगाबरोबर वाकते, आणि शेवटचा टाका मोकळा केला की ओळीमागून ओळ उसवत जाते. हे उसवणे सहसा एकाच टोकाने होते. जे टोक सर्वांत शेवटी विणले, त्याच टोकाने. यात आपल्या विषयाचे मर्म आहे. स्कर्ट खालच्या काठापासून सुरू करून कमरेपाशी संपवला, तर पुढे उंची वाढवणे किचकट होते. तोच कमरेपासून सुरू केला, तर काठ केव्हाही उसवून, टाके पुन्हा सुईवर घेऊन चार बोटे अधिक विणता येतात.

ही कला आजकालची नव्हे. जर्मनीत हॅम्बुर्ग येथील कलासंग्रहालयात मास्टर बर्ट्राम या चित्रकाराच्या नावाने ओळखली जाणारी एक वेदीचित्रमाला आहे. तिचा काळ इ. स. १४०० च्या सुमाराचा. त्यातील एका चित्रात पवित्र मरीया चार सुयांवर एक लहानसा अंगरखा गोल विणीत बसलेली दाखविली आहे. अंगरख्याचे अंग पुरे झाले असून ती गळ्याचे टाके विणीत आहे. जवळच बाळ येशू आहे आणि समोरून देवदूत क्रूस घेऊन येत आहेत. संत योहानाच्या शुभवर्तमानात प्रभूच्या ज्या शिवणरहित, वरपासून अखंड विणलेल्या अंगरख्याचा उल्लेख आहे, त्याचेच हे स्मरण होय. प्रभूचा अंगरखा मागावरचा होता की आणखी कसला, या वादात आम्ही शिरत नाही; परंतु गोल विणलेल्या वस्त्राला शिवण लागत नाही, हे त्या चित्रकाराला पक्के ठाऊक होते.

स्कर्टाचेच उदाहरण हवे असेल तर लंडनच्या व्हिक्टोरिया अँड ॲल्बर्ट वस्तुसंग्रहालयात अठराव्या शतकाच्या पूर्वार्धातील एक विणलेला परकर जतन केलेला आहे. तो नेदरलँड्समध्ये पांढऱ्या लोकरीचा विणला गेला. त्याचा घेर मोठा असून सबंध अंगावर पशुपक्ष्यांच्या आकृत्या टाक्यांतूनच उठविल्या आहेत. विशेष म्हणजे इंग्लंडमध्ये विल्यम ली याने मोजे विणण्याचे यंत्र १५८९ मध्येच तयार केले होते. यंत्र आले म्हणून हात थांबले नाहीत.

आता प्रत्यक्ष कृतीकडे वळू. आठ वर्षांची, ५६ सेंटीमीटर कंबर असलेली एक मुलगी डोळ्यांसमोर ठेवू. मध्यम जाडीची, दुकानात स्वेटरसाठी मिळते तशी लोकर सुमारे २०० ग्रॅम घ्यावी. ४ मिलिमीटर जाडीची आणि ६० सेंटीमीटर लांबीची गोल सुई घ्यावी, म्हणजे दोन टोकांच्या सुया मधल्या लवचीक दोरीने जोडलेली सुई. सर्व लोकर एकाच वेळी, एकाच रंगाच्या खेपेतली घ्यावी. दुसऱ्या खेपेचा रंग तोच म्हणून सांगितला तरी अंगावर पट्टा उमटतो.

पहिले काम स्कर्टाचे नव्हे, नमुन्याचे. ३४ टाके घालून, एक ओळ सुलट व एक ओळ उलट, असा पंधरा सेंटीमीटरचा चौकोन विणावा. तो धुवावा, वाळवावा आणि मग मधल्या १० सेंटीमीटरांत किती टाके व किती ओळी आल्या ते मोजावे. या लोकरीवर साधारणपणे २२ टाके आणि ३० ओळी येतात. आमच्या अनेक भगिनींना हा चौकोन म्हणजे वेळेचा अपव्यय वाटतो. पण हिशेब पाहा. ६० सेंटीमीटर कमरेसाठी आपण १३२ टाके घालणार आहोत. हात सैल असून १० सेंटीमीटरांत २० च टाके बसले, तर तीच कंबर ६६ सेंटीमीटर होईल. हात घट्ट असून २४ बसले, तर ५५ होईल. टाके मोजून घातले तेवढेच, सुईही तीच. केवळ हाताच्या ओढीने अकरा सेंटीमीटरांचा फरक. टाके कमी बसले तर बारीक सुई घ्यावी, अधिक बसले तर जाड. संध्याकाळचा एक तास नमुन्यावर घालविला तर पुढचे पंधरवड्याचे श्रम वाया जात नाहीत.

नमुना जमला की १३२ टाके घालून गोल जोडावेत. जोडण्यापूर्वी टाक्यांची ओळ सुईवर पिळली गेली नाही ना, हे दोनदा पाहावे, कारण तो पीळ मागाहून सुटत नाही. पहिले ९ फेरे सुलट, एक फेरा उलट, पुन्हा ९ फेरे सुलट विणावेत. उलट फेऱ्यावर पट्टी आत दुमडून तिची कडा सुईदोऱ्याने आतून टाचावी व इलॅस्टिक घालण्यापुरती फट ठेवावी. ही झाली कमरपट्टी. कंबर ५६ असताना ६० सेंटीमीटरचे टाके घालण्याचे कारण एवढेच, की स्कर्ट नितंबांवरून सहज चढावा. कमरेला घट्ट धरण्याचे काम इलॅस्टिक करील, आणि ते पुढे बदलताही येईल.

यानंतर १३२ टाक्यांचे अकरा-अकराचे बारा भाग करून प्रत्येक भागाच्या सीमेवर रंगीत दोऱ्याची खूण बांधावी. गोल विणताना सर्व फेरे सुलटच असतात, त्यामुळे नवशिक्या मुलीलाही ते साधते. १६ फेरे झाले की प्रत्येक खुणेशी एक टाका वाढवावा. दोन टाक्यांमधला आडवा धागा उचलावा आणि त्याला पीळ देऊन विणावे. पीळ न दिल्यास भोक पडते. अशी वाढ दर १६ फेऱ्यांनी, एकूण सहा वेळा करावी. म्हणजे १३२ चे २०४ टाके होतात आणि खालचा घेर सुमारे ९३ सेंटीमीटर भरतो. शेवटच्या वाढीनंतर आणखी १२ फेरे विणावेत. त्यांतील अखेरचे सहा फेरे एक उलट, एक सुलट असे घ्यावेत, नाहीतर काठ वर गुंडाळला जातो. एकूण १०८ फेऱ्यांत ३६ सेंटीमीटर उंची होते. अधिक उंची हवी असेल तर घेर पुरा झाल्यावर तितके साधे फेरे वाढवावेत. टाके बंद करताना हात सैल ठेवावा.

धुण्यातही काळजी हवी. ओली लोकर जड होते; स्कर्ट दोरीवर टांगला तर स्वतःच्याच भाराने लांबतो. म्हणून थंड पाण्यात सौम्य साबणाने धुवून, न पिळता टॉवेलात दाबून, सावलीत चटईवर पसरून वाळवावा. बसण्याच्या जागी फुगवटा येऊ नये यासाठी आतून सुती अस्तर लावणे उत्तम. ग्वाल्हेर-इंदूरच्या थंडीत किंवा बेळगावच्या पहाटेच्या गारठ्यात लोकर शोभते. गोव्याच्या दमट हवेत मात्र सुती दोराच बरा. तो लोकरीइतका ताणला जात नाही आणि वजनाने अधिक असतो, म्हणून तेथे स्कर्ट थोडा आखूडच विणावा.

आता खर्चाचा प्रश्न. वाचकांपासून काही लपवून ठेवणे आम्हाला आवडत नाही. बाजारात यंत्राचा तयार स्कर्ट अनेकदा नुसत्या लोकरीच्या किमतीत मिळतो. शिवाय श्रम मोजा. कमरपट्टीचे सुमारे अडीच हजार आणि खालचे अठरा हजार, असे साडेवीस हजार टाके होतात. मिनिटाला वीस टाके धरले तर सतरा तास. ‘घरी बसून तर विणते, तिला काय पडते’ असे पुरुषमंडळी सहज बोलून जातात. सतरा तास म्हणजे शेतावरच्या मजुराचे दोन दिवसांहून अधिक काम होय. घरातील स्त्रीचे श्रम फुकट समजण्याची जी आपली सवय आहे, ती न्यायाला धरून नाही. ज्या घरी आई विणावयास बसते, तेथे लोकरीची लडी धरणे, गुंडा करणे, भांडी घासणे ही कामे मुलांनी व वडिलांनीही उचलावीत. पूर्वी युरोपातील विणकरांच्या व्यवसायसंघांत प्रामुख्याने पुरुषच असत. तेव्हा सुया हाती घेतल्याने पौरुष उणे होते, असे कोणी समजू नये. आणि कोणी भगिनी दुसऱ्यासाठी विणून देत असेल, तर तिने लोकरीबरोबर तासही मोजून सांगावेत.

मग विणायचे तरी कशासाठी? कारण हिशेब एका वर्षाचा करून चालत नाही. या वयाची मुलगी वर्षाला साधारण पाच-सहा सेंटीमीटर वाढते. पुढच्या हिवाळ्यात काठाचे सहा फेरे उसवावेत, २०४ टाके सुईवर घ्यावेत, नऊ फेरे वाढवावेत आणि काठ पुन्हा विणावा. तीन हजार साठ टाके, म्हणजे अडीच तासांचे काम. आणि स्कर्ट तीन सेंटीमीटर लांब होतो. जुनी लोकर धुण्याने फिकी पडलेली असते, म्हणून वाढवलेला भाग मुद्दाम दुसऱ्या रंगाचा घ्यावा. लपविलेल्या ठिगळापेक्षा उघडा पट्टा अधिक शोभतो. असे दोनतीन हिवाळे गेले की सगळा स्कर्ट उसवून, लोकरीच्या लड्या करून, धुवून, धाकटीचा स्वेटर विणता येतो. इंग्लंडमध्ये १९४१ पासून १९४९ पर्यंत कपड्यांवर नियंत्रण होते, तेव्हा तेथील गृहिणींनी जुनी विणलेली वस्त्रे उसवून अशीच नवी केली.

फाटले की टाकावे, आखूड झाले की टाकावे, ही रीत आता आपल्या खेड्यांतही शिरली आहे. जे वस्त्र माणसाबरोबर वाढते आणि त्याचे काम संपल्यावर पुन्हा धागा होऊन परत येते, ते विणावयास शिकलेली मुलगी टाकण्यापूर्वी विचार करावयास शिकते. आगमनकाळाला अवकाश आहे तोवर नमुन्याचा चौकोन विणून पाहावा. सुया एका हाती आणि मोजपट्टी दुसऱ्या हाती असावी. आणि ज्या मुलीसाठी विणायचे, तिला शेजारी बसवून पहिल्या फेऱ्याचे टाके तिच्याकडूनच मोजून घ्यावेत.